शाकारणीचा खर्च कुणाचा? मेथडिस्ट मंडळीतलं दान आणि इमारत यांची जुनी गोष्ट

मे महिना अर्धा सरला की मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीत एकच विषय उरतो, छप्पर. कौलं नुसती चाळायची की काढून पत्रा घालायचा? पन्हळ यंदा बदलायची की डांबर लावून अजून एक पावसाळा काढायचा? तीन कोटेशनं आणायचं ठरतं, येतं एक. खजिनदार पासबुक उघडून दाखवतात आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "मिशनच्या काळात असं नव्हतं बाबा."

ते खोटं नाही. मिशनच्या, म्हणजे परदेशी मिशनऱ्यांच्या काळात छपराचा खर्च मंडळीच्या खिशातून फारसा जातच नव्हता. आजच्या वर्गणीच्या, पाकिटांच्या आणि दुरुस्ती फंडाच्या तक्रारींचं मूळ शोधायचं तर याच वाक्यापासून मागं जावं लागतं. नाशिकपासून ते थेट ब्रिस्टलपर्यंत.

त्याआधी एका शब्दाबद्दल. इंग्रजीत ज्याला स्टुअर्ड म्हणतात त्याला मराठी बायबलनं शब्द दिला 'कारभारी'. त्यावरून आपल्याकडे 'कारभारीपण' रूढ झालं. शब्द मोठा झकास निवडलाय. पेशवाईत राज्य एकाचं आणि कारभार दुसऱ्याचा, हे आपण शाळेत शिकलो. गावाकडे बायको नवऱ्याला "आमचे कारभारी" म्हणते, त्यात मान असतो आणि किंचित टोमणाही. कारभारी मालक नसतो. त्याच्याकडे किल्ल्या असतात, जबाबदारी असते आणि विचारलं की हिशेब द्यावा लागतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला धनी कारभाऱ्याकडे मागतो तोही हिशेबच. आपल्या मंडळ्यांत हा शब्द प्रवचनात ऐकू येतो, पासबुकाशेजारी मात्र क्वचितच.

आता इंग्लंडातलं ब्रिस्टल. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये तिथं सभेसाठी एक खोली बांधायला घेतली. 'न्यू रूम' हे तिचं नाव. मेथडिस्टांची जगातली सर्वांत जुनी इमारत म्हणून ती आजही उभी आहे. बांधकाम सुरू झालं तेव्हा वेस्लींकडे पैसे नव्हते. त्यांनी जागेसाठी अकरा विश्वस्त नेमले, खर्चाचं ते बघतील या हिशोबानं. पण त्यांचे सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी कळवलं की या विश्वस्तांच्या हाती कागद राहिला, तर तुमचं वागणं त्यांना पटलं नाही की तुम्ही बांधलेल्या घरातून ते तुम्हालाच बाहेर काढतील. वेस्लींनी विश्वस्तांना बोलावलं, कागद रद्द केला आणि सगळं कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं. विश्वस्त आणि पाळक (धर्मगुरू) यांची ओढाताण आपल्याकडचीच आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. मेथडिस्टांच्या पहिल्या इमारतीची पहिली वीट बसायच्या सुमारासच हा वाद उभा राहिला होता.

कर्ज तर राहिलंच. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडायचं कसं यावर ब्रिस्टलात बैठक झाली. कॅप्टन फॉय नावाचे एक दर्यावर्दी गृहस्थ उठले आणि म्हणाले, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा कुणी म्हणाला, आपल्यातल्या पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. तेव्हा फॉय यांनी सुचवलं की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. त्यांनी दिलं तर उत्तम, नाही दिलं तर त्यांचं मी भरीन. बाकीच्यांनीही आपापल्या शेजारचे अकरा जण घ्यावेत.

पुढं जे झालं ते कुणी योजलेलं नव्हतं. पेनी मागायला दारोदार जाणाऱ्यांना घराच्या आतलं दिसू लागलं. अमका दारू पितो, तमक्याचं बायकोशी पटत नाही, कुणी आजारी आहे पण कुणाला सांगितलेलं नाही. हे वेस्लींच्या कानावर आलं तेव्हा त्यांना कळलं की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. बारा जणांचा गट, त्याचा एक पुढारी, आठवड्याची भेट, अशा रीतीनं मेथडिस्टांची 'क्लास मीटिंग' जन्माला आली. आत्मिक काळजीची जी व्यवस्था मेथडिस्ट आपली खास ओळख म्हणून सांगतात, तिचा उगम इमारतीच्या कर्जवसुलीत आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट दान, घरभेट आणि इमारत या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या कमिट्यांकडे वाटून दिल्या, तिथं काहीतरी निसटलं असं वाटतं.

वेस्लींचं स्वतःचं पैशाचं वागणं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. ऑक्सफर्डात असताना पहिल्या वर्षी ३० पौंड मिळाले, २८ त खर्च भागवला, २ दिले. पुढं प्राप्ती ६०, ९०, १२० अशी वाढत गेली, खर्च मात्र २८ वरच राहिला. 'जमेल तितकं मिळवा, जमेल तितकं वाचवा, जमेल तितकं द्या' हा त्यांचा उपदेश १७६० सालच्या पैशावरच्या प्रवचनातला. पहिला भाग पुष्कळ जण पाळतात, दुसरा थोडे आणि तिसरा क्वचितच कुणी, ही तक्रार त्यांनी स्वतःच म्हातारपणी केली.

इमारतींचा प्रश्न मात्र त्यांनी कागदानं सोडवला. १७६३ मध्ये नमुन्याचा विश्वस्तलेख तयार झाला. घर विश्वस्तांच्या नावावर, पण व्यासपीठावर कोण उभं राहणार ते वेस्ली ठरवतील आणि त्यांच्या मागं कॉन्फरन्स, म्हणजे पाळकांची वार्षिक सभा, ठरवील. आज मेथडिस्ट पाळकांच्या बदल्या वरून होतात आणि देऊळघर मंडळीच्या एकटीच्या मालकीचं नसतं, याची मुळं त्या लेखात आहेत. "आम्ही बांधलं, आमच्या नावावर का नाही?" हा प्रश्न दर पिढीत नव्यानं विचारला जातो. उत्तर तेच असतं, फक्त ते पावसाळ्यात जास्त झोंबतं.

भारतात अमेरिकन मेथडिस्टांचं काम १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्यापासून उत्तरेत सुरू झालं. आपल्याकडचं वळण वेगळं आहे. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईला आले. उंच, दणकट, दाढीवाले गृहस्थ. सॅन फ्रान्सिस्कोत खलाशांसाठी चालवलेल्या चर्चचं कर्ज डोक्यावर घेऊन, पुस्तकं लिहून आणि विकून ते फेडत जगभर हिंडलेले. कर्जानं पोळलेल्या या माणसाचा आग्रह एकच होता की मंडळीनं पहिल्या दिवसापासून आपला खर्च आपण भागवावा. न्यूयॉर्कच्या मिशन बोर्डाकडून पगार घ्यायचा नाही. मुंबई, पुणे आणि रेल्वेच्या वस्त्यांतून त्यांनी अशा मंडळ्या उभ्या केल्या. त्या काळी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे घाट चढून इगतपुरीवरून नाशिककडे आली होती आणि टेलर यांचे श्रोते पुष्कळसे तिच्याच पगारावर जगणारे होते. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळवणारे. त्यांना वर्गणी जमली.

खरी अडचण मराठी मंडळीत आली. जिथं वर्षाचा मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळतो, तिथं महिन्याची वर्गणी कुठून आणायची? स्थानिक भाषांतलं काम वाढलं तसे बाहेरचे पैसे आले, शाळा आल्या, बंगले आले. स्वावलंबनाचं तत्त्व अहवालात राहिलं. १८७६ ला दक्षिण भारत कॉन्फरन्स, १८९२ ला मुंबई कॉन्फरन्स, अशी रचना पक्की होत गेली, आणि तिच्या तळाशी अमेरिकेतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या रविवारच्या थैलीतले डॉलर होते.

नाशिक शहराची गोष्ट मेथडिस्ट नाही, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची आहे. ती सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येत नाही, कारण इथल्या ख्रिस्ती मनाची घडण तिच्यातून झाली. चर्च मिशनरी सोसायटी १८३२ मध्ये नाशकात आली आणि १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवलं. नावाप्रमाणंच शरण आलेल्यांचं गाव. जात-गोत, घर, वतन सगळं तुटलेल्यांना इथं छप्पर मिळालं. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथं शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतली काही मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेली आणि लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांतला जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी. गंमत अशी की त्याच काळात या सोसायटीचे लंडनमधले चिटणीस हेन्री व्हेन मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः वाढणारी हवी असं सांगत होते. पण ज्याला आपण आत्ताच घर दिलं, त्याच्याकडे घराचा खर्च कसा मागणार?

म्हणजे ब्रिस्टलात आधी कर्ज झालं, मग पेनी आली. नाशकात छप्पर आधी मिळालं, थैली मागाहून आली. गोदाकाठच्या देवळांचंही तसं एका परीनं हेच. काळारामाचं मंदिर सरदार ओढेकरांनी बांधलं. मोठ्या देवळांच्या पूजाअर्चेसाठी, दिवाबत्तीसाठी इनामं लावून देण्याची रीत इथली जुनीच. देवाच्या घराची काळजी कुणीतरी मोठा घेतो, ही सवय या मातीतली आहे. मिशन आलं आणि त्या मोठ्याच्या जागी बसलं. 'मायबाप' हा शब्द सरकारसाठी वापरला तसाच साहेबासाठी वापरला गेला.

हे खुपणारा माणूस आपल्यातच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक वीसएक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा मिशनपासून स्वतंत्र असा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला निघाले. दोनच वर्षांत, १९१९ ला, ते गेले. नाशिकजवळच्या जलालपूरची त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. पगार सोडलेल्या घरात चूल कशी पेटते हे त्यांच्याइतकं रोखठोक दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

१९१९ मध्येच अमेरिकन मेथडिस्टांनी मिशनकार्याच्या शताब्दीची मोहीम काढली. कबूल झालेली रक्कम १० कोटी डॉलरच्या वर गेली. पण कबुली वेगळी आणि वसुली वेगळी. पैसे अपेक्षेइतके आले नाहीत, आणि १९२९ च्या मंदीनंतर तर मिशनच्या अंदाजपत्रकांना कात्रीच लागली. पुढं १९७० मध्ये नागपूरला अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. नाशिकचे अँग्लिकन त्यात गेले, अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. जानेवारी १९८१ पासून ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वतंत्र आहेत. स्वतंत्र झाल्याबरोबर छपरंही स्वतःची झाली.

छपराबद्दल थोडं तपशिलात बोलायला हवं, कारण पैसे तिथंच जातात. जुनी मिशनची बांधकामं बहुतेक काळ्या दगडाची, चुन्यातली, सागवानी कैच्यांवर (छपराच्या तिकोनी चौकटींवर) मंगलोरी कौलं. ही कौलंही मिशनचीच देणगी. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, धर्मांतरित लोकांना काम मिळावं म्हणून. कौलारू छपराला दरवर्षी शाकारणी लागते. फुटकी कौलं बदलायची, आढं तपासायचं, पन्हळीतला पाला काढायचा, वाळवी बघायची. नाशकात पाऊस बेताचा, इगतपुरीला त्याच्या चौपटीहून जास्त. घाटाच्या तोंडावरचं छप्पर एक वर्ष दुर्लक्षिलं तर दुसऱ्या वर्षी कैचीच बदलावी लागते. सगळ्यांत मोठी चूक भिंतीत होते. चुन्याच्या दरजा उकरून त्यात सिमेंट भरतात. दिसायला छान, पण भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि आतला गिलावा फुगून पडतो. एका मंडळीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. रंगाला खर्च झाला, दोन पावसाळ्यांत रंगासकट गिलावा खाली. वर्गणी देणाऱ्यांनी पुढच्या वर्षी हात आखडता घेतला, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

कायद्याची बाजूही याच गोष्टीत येते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता विकता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येत नाही. बिगरशेती जागा त्या मंजुरीशिवाय तीन वर्षांहून अधिक मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. शरणपूर रोडसारख्या भागात आज जमिनीचा भाव काय आहे ते नाशिककरांना सांगायला नको. मंडळीजवळ दुरुस्तीला लाख रुपये नसतात आणि पायाखालची जागा कोट्यवधींची असते. मोह तिथं होतो, भांडणंही तिथंच. कलम ३६ लोकांना जाचक वाटतं, पण ते नसतं तर कित्येक मंडळ्यांची उपासना आज एखाद्या हॉलमध्ये भाड्यानं भरली असती.

स्वातंत्र्यानंतर आमच्यासारखी कुटुंबं नोकरीसाठी नाशकात आली. कुणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कुणी ओझरच्या एचएएलमध्ये, कुणी सातपूरच्या एमआयडीसीत. पगारदार मंडळी झाली तेव्हा टेलर यांचं गणित आठ-नऊ दशकांनी इथं जुळायला लागलं. महिन्याचं पाकीट, त्यावर नंबर, खजिनदाराच्या वहीत टिकमार्क. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावातल्या मंडळीला छपराला पैसे पुरत नाहीत, हा विनोद आमच्याकडे इतका जुना झालाय की कुणी हसत नाही. त्याआधीची सवयही पूर्ण गेलेली नाही. हंगामाच्या सणाला अजून ज्वारीची कणसं, भोपळे, द्राक्षांच्या पेट्या वेदीपुढं येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो विधवा आजीच्या घरी पाठवून देतो. बलुत्याचं धान्य आणि पगाराची नोट एकाच टेबलावर दिसायचा तो एकच दिवस.

मागच्या वर्षी आमच्या कमिटीत एका तरुण मुलीनं सुचवलं की वर्गणी यूपीआयनं घ्या, दारोदार हिंडायची गरज नाही. सोय मोठी आहे आणि आम्ही ती केली. पण थकबाकीदारांची यादी वाचली गेली तेव्हा एका नावावर सगळे थांबले. आजोबा चार महिने अंथरुणावर होते आणि यादी वाचेपर्यंत आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आता बारा-बारा घरांच्या वाटण्या केल्या आहेत. यादी माझ्याकडेही आहे. पहिल्या रविवारी मी सात घरं केली, तीन ठिकाणी चहा झाला, वर्गणी दोन ठिकाणीच मिळाली.