एमडीचा कोच आणि टीमचा कोच : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कंपनीचा एमडी (व्यवस्थापकीय संचालक) आणि त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची टीम यांना कामाची पद्धत सुधारायला मदत करणारा कोच एकच असावा का, हा जुना वाद. तो समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईच्या कंपन्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ‘टीम’ म्हणून काम करावे, ही अपेक्षा तशी अलीकडची. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या मॅनेजिंग एजन्सी पेढ्या एकाच वेळी अनेक कंपन्या चालवत. खातेप्रमुख आपापला अहवाल वर पाठवत आणि आदेश वरून येत. एप्रिल 1970 मध्ये ही पद्धत कायद्याने संपली, तरी निर्णय केबिनमध्ये घ्यायचा आणि बैठकीत फक्त सांगायचा, ही रीत बराच काळ टिकली.

गटासोबत काम करण्याची पद्धत बाहेरून आली. 1947 मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात अनोळखी लोकांचे छोटे गट काही आठवडे एकत्र बसवून, एकमेकांच्या वागण्याबद्दल समोरासमोर बोलण्याचे प्रयोग झाले. पुढे ते भारतातही आले. अनोळखी माणसांत मोकळे बोलता येते, कारण सोमवारी ऑफिसात पुन्हा गाठ पडायची नसते. एकाच कंपनीच्या गटात मात्र समोरच्याच्या हाती आपले अप्रेझल असते. त्यामुळे तीच पद्धत तिथे जशीच्या तशी चालली नाही.

1991 नंतर स्पर्धा वाढली, बाहेरून आलेले व्यावसायिक अधिकारी आणि प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालक, कुटुंबातली माणसे एका टेबलाशी बसू लागली. त्यांना टीम म्हणून एकत्र आणायचा पहिला उपाय म्हणजे ऑफसाइट : लोणावळा किंवा अलिबागला दोन दिवस, दोरखंडावरचे खेळ, रात्री गाणी. ओळखी वाढल्या, पण बजेटवरची भांडणे होती तिथेच राहिली. मग 2000 नंतर एकेका अधिकाऱ्याला स्वतंत्र कोच देणे रुळले. त्याचा उपयोग खरा होता. मात्र टीममधले, समजा, आठही जण एकेकटे सुधारले तरी आठ जणांची बैठक सुधारतेच असे नाही, हे अनुभवाने कळले आणि आख्ख्या टीमला कोच करण्याकडे लक्ष वळले. 2020 मध्ये कोचच्या एका जागतिक संघटनेने टीम कोचिंगसाठी लागणाऱ्या क्षमता वेगळ्या मांडल्या.

वाद आहे तो एका निर्णयावर : एमडीचा कोच आणि टीमचा कोच एकच असावा का?

एकच असावा म्हणणाऱ्यांचे मुद्दे साधे आहेत. त्याला माणसे आधीच माहीत असतात, सुरुवातीचा महिना वाचतो, खरेदी विभागाला एकच करार करावा लागतो. पण अडचण गोपनीयतेची आहे. समजा, मार्चनंतर सीएफओला (वित्तप्रमुखाला) बदलायचे आहे, असे एमडीने खासगीत सांगितले. पुढच्या आठवड्यात तोच कोच त्याच सीएफओसमोर परस्पर विश्वासावर सत्र घेतो. तो गप्प राहिला तर सीएफओची फसवणूक होते, बोलला तर एमडीचा विश्वासघात. आणि कुणी काही बोलले नाही तरी बाकीच्यांना हा माणूस कुणाचा ते ठाऊक असते. कोच टीममधल्या प्रत्येकाची मुलाखत घेतो, तिथे ते जपूनच बोलतात. म्हणून दोन वेगळे कोच घ्यावेत. खर्च वाढतो, पण मुलाखतीत खरे ऐकू येते.

मुंबईत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण कित्येक सूचीबद्ध कंपन्यांत प्रवर्तकच अध्यक्ष आणि तोच एमडी असतो. ही दोन पदे वेगळी करण्याची सक्ती मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना आधी एप्रिल 2020 पासून लागू होणार होती. ती दोन वर्षे पुढे ढकलली गेली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ऐच्छिक झाली. संचालक मंडळाचे वार्षिक मूल्यमापन 2013 च्या कंपनी कायद्यात आले. मंडळाच्या खाली रोजचा कारभार पाहणाऱ्या टीमवर मात्र तशी काही सक्ती नाही. अशा कंपनीत कोचला बोलावणारा, पैसे देणारा आणि सर्वांत जास्त बदलण्याची गरज असलेला माणूस बऱ्याचदा एकच निघतो. करारावर त्याची एकट्याची सही पुरत नाही. पूर्ण टीमसमोर तीन गोष्टी लेखी ठराव्यात : पैसे कोण देणार, एमडीला काय कळवले जाणार आणि काय कधीच कळवले जाणार नाही. मुलाखतींतून निघालेला मुद्दा किमान तिघांनी मांडला असेल तरच पुढे ठेवावा. सहापेक्षा लहान टीममध्ये एवढ्यानेही बोलणारा ओळखू येतो, म्हणून तिथे मुद्दे टीमलाच एकत्र बसून काढू द्यावेत.

सर्वांत आधी टीममध्ये नेमके कोण, हे प्रत्येकाकडून वेगवेगळ्या कागदावर लिहून घ्यावे. याद्या सहसा जुळत नाहीत. प्रवर्तकाचा मुलगा आत की बाहेर, एचआर प्रमुख सभासद की फक्त टिपणे घेणारा, हे तिथेच उघड होते. ही यादी एमडीने ठरवायची असते, कोचने नाही. त्यानंतर या टीमनेच घ्यायचे असे पाच-सहा निर्णय लिहून काढायचे. उरलेले खात्यांकडे परत जातात. काम नऊ ते बारा महिने चालते : दर सहा-आठ आठवड्यांनी अर्ध्या दिवसाचे सत्र, आणि मधल्या काळात खऱ्या मासिक बैठकीत कोच मागे बसून पाहतो. तिथे कोण किती बोलला यापेक्षा बैठक संपल्यावर कोण एमडीच्या केबिनमध्ये शिरले, याची नोंद जास्त कामाची. एमडीने शेवटी बोलायचे, हा एक नियम पाळला तरी दोन-तीन बैठकांत फरक दिसतो. तो मोडतो तिमाही निकालांच्या आठवड्यात, म्हणून पहिले सत्र त्या आठवड्यात कधीच ठेवू नये.