सामाजिक डॉक्युमेंटरी

सामाजिक डॉक्युमेंटरी म्हणजे एखाद्या समाजाची संस्कृती, तिथल्या माणसांची ओळख आणि त्यांच्यावर होणारा अन्याय यांवर, खऱ्या माणसांसोबत आणि खऱ्या ठिकाणी शूट केलेली फिल्म. ओळख म्हणजे जात, वंश, भाषा, धर्म, लिंग, देश यातलं काहीही, आणि बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्याच असतात. मराठीत माहितीपट किंवा अनुबोधपटही म्हणतात, पण या प्रकारातल्या चांगल्या फिल्म्स नुसती माहिती द्यायला बनलेल्या नसतात, कुणाची तरी बाजू मांडायला, पुरावा जपून ठेवायला किंवा सरळ भांडायला बनलेल्या असतात.

न्यूज रिपोर्टपेक्षा मोठा फरक वेळेचा. रिपोर्टर एक-दोन दिवसांत बाइट घेऊन निघतो, डॉक्युमेंटरीवाले वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडून बसतात. उत्तर मॅसेडोनियातल्या मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईवरची 'हनीलँड' (२०१९) तीन वर्षं शूट होत होती, फुटेज जमलं ४०० तासांच्या आसपास आणि फिल्म झाली जेमतेम दीड तासाची. म्हणजे उरलेलं सगळं एडिटच्या टेबलावर गेलं, आणि काय ठेवायचं काय काढायचं हे ठरवणारा माणूस जवळपास कधीच तो नसतो ज्याचं आयुष्य पडद्यावर दिसतंय. या प्रकाराचे सगळे वाद इथूनच सुरू होतात.

याचा इतिहास सहसा कॅमेऱ्याच्या नाहीतर मोठ्या दिग्दर्शकांच्या अंगाने सांगतात. त्याच्याइतकाच महत्त्वाचा, आणि कमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे तयार फिल्म आधी कुणाला दाखवली? ज्यांच्यावर बनवली त्यांना, की लांबच्या शहरातल्या प्रेक्षकांना? खालची माहिती वाचताना हा प्रश्न डोक्यात ठेवला तर बऱ्याच गोष्टींची संगती लागते.

नानूकपासून सुरुवात

फ्रान्समध्ये सिनेमाची सुरुवात करणाऱ्या लुमिए बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार शूट केले होते, पण एका समाजाचं जगणं दाखवणारी पहिली गाजलेली लांबलचक फिल्म म्हणजे रॉबर्ट फ्लाहर्टीची 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२). कॅनडात क्यूबेकच्या उत्तर भागात, हडसन उपसागराच्या काठी राहणाऱ्या इनुइट या मूळनिवासी लोकांवरची. पैसे दिले होते फरचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने. फिल्म आजही बघायला सुंदर वाटते आणि तरी तिच्यातलं बरंच काही रचलेलं आहे. फिल्मचा नायक नानूक याचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक होतं, फिल्ममधली त्याची बायको खरी बायको नव्हती. तिथले लोक तोवर बंदुका वापरत होते पण फिल्ममध्ये भाल्याने शिकार करायला लावलं. इग्लूच्या आत कॅमेरा मावेना आणि उजेडही पुरेना म्हणून अर्धाच इग्लू बांधला आणि सगळं कुटुंब उघड्या थंडीत झोपायची ॲक्टिंग करत होतं. एका सीनमध्ये नानूक ग्रामोफोन पहिल्यांदाच बघितल्यासारखा रेकॉर्ड चावून बघतो, आणि त्याच वेळी पडद्यामागे इनुइट लोक फ्लाहर्टीला फिल्म धुवायला, कॅमेऱ्याची देखभाल करायला मदत करत होते.

एवढं असूनही फ्लाहर्टीने एक गोष्ट अशी केली जी पुढे फार थोड्यांनी केली. त्याने प्रोजेक्टर सोबत नेला होता आणि शूट केलेलं तिथल्या तिथे धुऊन त्याच लोकांना दाखवायचा. वॉलरसच्या शिकारीचं फुटेज बघताना लोक पडद्यावरच्या शिकाऱ्यांना 'सोडू नका, धरा' म्हणून ओरडत होते असं त्याने लिहून ठेवलंय.

१९३५ मध्ये लंडनच्या स्टेपनी भागातल्या झोपडपट्टीवजा घरांवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाची छोटी फिल्म बनली. तिच्यात तिथले रहिवासी स्वतः कॅमेऱ्याकडे बघून उंदीर, ढेकूण, पडक्या भिंती याबद्दल बोलतात. आज हे रोजचं वाटतं, पण तेव्हा कामगार वर्गातला माणूस स्वतःच्या आवाजात पडद्यावर बोलणं हीच नवी गोष्ट होती. ही फिल्म गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या पैशांतून बनली होती, नवीन घरं झाली तर गॅस जास्त खपणार हा हिशोब, आणि चांगल्या कामामागे असा हिशोब असणं नंतरही चालूच राहिलं.

रूश आणि पाणघोड्याची शिकार

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ ज्याँ रूश पश्चिम आफ्रिकेत, खासकरून नायजरमध्ये, कित्येक वर्षं फिल्म बनवत होता. १९५० च्या दशकात त्याने सोर्को मच्छीमारांच्या पाणघोड्याच्या शिकारीवरची फिल्म त्यांच्याच गावात पडदा लावून दाखवली. शिकारीच्या सीनला त्याने त्यांचंच एक शिकारीचं गाणं पार्श्वसंगीत म्हणून टाकलं होतं, आपल्याकडून त्यांच्या संस्कृतीचा मान राखला अशा समजुतीने. बघणाऱ्यांनी लगेच अडवलं, पाण्याखाली पाणघोड्याला सगळं ऐकू येतं, शिकारीच्या वेळी असं वाजवलं तर तो पळून जाईल, शिकार शांततेतच होते. ही चूक पॅरिसमधल्या कुठल्याही प्रोफेसरला सापडली नसती. तिथून रूशने पार्श्वसंगीताबद्दलचा विचारच बदलला आणि बनवलेलं त्याच लोकांना दाखवून त्यांचं ऐकून घेणं हा त्याच्या कामाचा भाग झाला.

पण म्हणून सगळे खूश होते असं नाही. सेनेगलचा दिग्दर्शक उस्मान सेंबेनने १९६५ मध्ये रूशला तोंडावर सांगितलं की तुम्ही आम्हाला किड्यांसारखं बघता. हे वाक्य आजही या विषयाच्या प्रत्येक क्लासमध्ये निघतं, आणि निघायलाच पाहिजे, कारण चांगला हेतू असलेला बाहेरचा माणूसही शेवटी बाहेरूनच बघत असतो.

याच काळात हलके १६ एमएमचे कॅमेरे आणि खांद्याला अडकवून नेता येईल असा नाग्रा टेपरेकॉर्डर आला. आता दोन माणसं कुणाच्याही घरात शिरून चित्र आणि आवाज एकाच वेळी पकडू शकत होती. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये सिनेमा व्हेरिते (लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्यात मिसळून शूट करणं) आणि अमेरिकेत डायरेक्ट सिनेमा (मध्ये न पडता नुसतं बघत शूट करणं) या दोन्ही धारा त्यातूनच निघाल्या.

फोगो बेट

या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण १९६७ चं आहे आणि त्याला एकही मोठं बक्षीस मिळालेलं नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने तेव्हा 'चॅलेंज फॉर चेंज' नावाचा कार्यक्रम सुरू केला होता, गरिबीवर आणि सामाजिक बदलावर फिल्म्स बनवायचा. त्यात कॉलिन लो नावाचा दिग्दर्शक न्यूफाउंडलँडजवळच्या फोगो बेटावर गेला. बेटावर मच्छीमारांच्या छोट्या छोट्या वस्त्या, मासेमारी कमी झालेली, बरेच लोक सरकारी मदतीवर, आणि सरकारचं म्हणणं की बेट सोडा, दुसरीकडे वसवतो. त्यात वस्त्यावस्त्यांत, पंथापंथांत फार बोलाचालीही नव्हती.

कॉलिन लो याने एक मोठी फिल्म बनवायचा विचार सोडला आणि वीसपेक्षा जास्त छोट्या फिल्म्स बनवल्या. एकेका माणसाची, एकेका विषयावरची. कोण नवीन बोटीबद्दल बोलतोय, कोण शाळेबद्दल, कुठे लग्न, कुठे मुलांचे खेळ. नियम असा की ज्याचं शूट केलंय त्याला आधी दाखवायचं, त्याला नको असेल तर काढून टाकायचं, आणि त्याची परवानगी नसेल तर बेटाच्या बाहेर काही न्यायचं नाही. मग या फिल्म्स एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेऊन दाखवल्या. समोरासमोर बसून जे एकमेकांना बोलले नसते ते लोकांनी पडद्यावरून ऐकलं आणि दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली. लोकांच्या लक्षात आलं की दुखणं सगळ्यांचं एकच आहे. नंतर त्या फिल्म्स सरकारातल्या लोकांना दाखवल्या आणि मंत्र्याचं उत्तरही शूट करून बेटावर परत आणून दाखवलं.

लोक बेट सोडून गेले नाहीत. त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था काढली, स्वतःच्या बोटी आणि मासे प्रक्रियेचं काम हातात घेतलं. सगळं श्रेय फिल्म्सना देता येणार नाही, कारण तिथे आधीपासून काम करणारे कार्यकर्ते आणि विद्यापीठाची माणसं होतीच. पण ही पद्धत पुढे 'फोगो प्रोसेस' म्हणून ओळखली जायला लागली आणि सामुदायिक व्हिडिओची आज जगभर जी कामं चालतात त्यातल्या बऱ्याच कामांचं मूळ तिथे आहे.

लपूनछपून दाखवलेल्या फिल्म्स

लॅटिन अमेरिकेत परिस्थिती वेगळी होती, तिथे सरकारला फिल्म दाखवायची नव्हती, सरकारपासून लपवायची होती. अर्जेंटिनात लष्करी राजवटीखाली फर्नांदो सोलानास आणि ऑक्टाव्हियो गेटिनो यांनी 'द अवर ऑफ द फर्नेसेस' (१९६८) बनवली, चार तासांपेक्षा मोठी. ती घराघरांत, युनियनच्या खोल्यांत चोरून दाखवायचे, मध्येच प्रोजेक्टर थांबवून बसलेल्यांनी बोलायचं आणि मग पुढचा भाग. अशा स्क्रीनिंगला नुसतं येणं हाही धोकाच होता. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावाच्या आधीचे महिने पात्रिसियो गुझमानने शूट केले होते, त्या फिल्मची रिळं स्वीडनच्या दूतावासाच्या मदतीने देशाबाहेर काढली आणि 'द बॅटल ऑफ चिली' बाहेर राहून पूर्ण झाली. तिचा कॅमेरामन होर्हे म्युलर सिल्वा याला १९७४ मध्ये चिलीच्या गुप्त पोलिसांनी उचललं, तो परत कधीच सापडला नाही. या फिल्मबद्दल बोलताना त्याचं नाव राहता कामा नये.

कॅमेरा आतल्या माणसाच्या हातात

१९८० नंतर मोठा बदल झाला. व्हिडिओ स्वस्त झाला आणि ज्यांच्यावर फिल्म्स बनत होत्या ते स्वतः बनवायला लागले. ब्राझीलमध्ये 'व्हिडिओ नास आल्डियास' या प्रकल्पाने आदिवासी गावांतल्या लोकांना कॅमेरा आणि एडिटिंग शिकवलं. अमेरिकेत मार्लन रिग्जने काळ्या समलिंगी पुरुषांचं जगणं कविता, नाच आणि स्वतःच्या अनुभवातून 'टंग्ज अनटाइड'मध्ये (१९८९) मांडलं आणि ती सार्वजनिक टीव्हीवर लागणार म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला, अनेक स्टेशनांनी दाखवायलाच नकार दिला.

अलानिस ओबोमसाविन ही अबेनाकी या मूळनिवासी समाजातली दिग्दर्शिका, १९९० मध्ये कॅनडातल्या ओका गावाजवळ मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर गोल्फ कोर्स वाढवायचं निघालं तेव्हा ती तिथे गेली. लष्कर आलं, ७८ दिवस वेढा चालला, बरेचसे पत्रकार निघून गेले आणि ही आतच राहिली, शेवटी शेवटी तर एकटीने आवाज रेकॉर्ड करत. त्यातून 'कानेहसाताके: २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स' (१९९३) तयार झाली. टीव्हीवर तोंड झाकलेले बंदूकधारीच दिसत होते, फिल्ममध्ये त्याच लोकांच्या आया, मुलं, आणि जमीन जाण्याचा २७० वर्षांचा इतिहास दिसतो.

भारतात आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११) याच ओळीतली म्हणता येईल, जरी दिग्दर्शक समाजाच्या बाहेरचा असला तरी. ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले आणि त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला, तिथून सुरू झालेलं शूटिंग १४ वर्षं चाललं. तीन तासांची ही फिल्म मराठी शाहिरीचा, भीमगीतांचा मोठा ठेवा आहे, आणि ती वस्त्यांमध्ये पडदे लावून दाखवली गेली.

परवानगी, पैसा आणि धोका

कॅमेऱ्यासमोर 'हो' म्हणणं आणि पडद्यावर स्वतःला बघणं यात फार अंतर आहे. फ्रेडरिक वाइजमनची 'टिटिकट फॉलीज' (१९६७) मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेतले हाल दाखवते, राज्य सरकार कैद्यांच्या खासगीपणाचं कारण देऊन कोर्टात गेलं आणि सामान्य लोकांना ती १९९१ पर्यंत बघता आली नाही. कारण खोटं नव्हतं, पण फायदा संस्थेचाच झाला. एरल मॉरिसच्या 'द थिन ब्लू लाइन'मुळे (१९८८) खुनाच्या खोट्या आरोपात १२ वर्षं आत असलेला रँडल ॲडम्स १९८९ मध्ये सुटला, आणि नंतर स्वतःच्या गोष्टीचे हक्क परत मिळवायला त्याला त्याच दिग्दर्शकाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. 'रायटिंग विथ फायर' ही 'खबर लहरिया'च्या दलित महिला पत्रकारांवरची फिल्म ऑस्करपर्यंत गेली, आणि २०२२ मध्ये सोहळ्याच्या थोडे दिवस आधी 'खबर लहरिया'ने जाहीरपणे सांगितलं की फिल्म ताकदीची आहे पण आमचं काम तिच्यात अर्धवटच दिसतं. फिल्म वाईट आहे असं यातून ठरत नाही. पण ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांचं हे म्हणणं फिल्मइतक्याच गांभीर्याने ऐकायला हवं.

धोका तर असतोच. इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या हत्याकांडावरच्या 'द ॲक्ट ऑफ किलिंग'च्या (२०१२) क्रेडिट्समध्ये स्थानिक टीमच्या कित्येक नावांच्या जागी फक्त 'अनामिक' लिहिलंय, एका सहदिग्दर्शकाच्याही. अफगाण निर्वासिताची गोष्ट सांगणारी 'फ्ली' (२०२१) ॲनिमेशनमध्ये केली ती त्याची ओळख झाकायला, तर 'वेलकम टू चेचन्या'मध्ये (२०२०) रशियातल्या चेचन्यातून जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी लोकांच्या चेहऱ्यांवर डिजिटल पद्धतीने दुसऱ्यांचे चेहरे बसवले, म्हणजे डोळ्यांतली भीती दिसते पण माणूस ओळखू येत नाही.

परिणाम

फिल्ममुळे कायदा बदलला असं सरसकट म्हटलं जातं ते जपून घ्यावं. शर्मीन ओबेद-चिनॉय यांच्या 'अ गर्ल इन द रिव्हर' या पाकिस्तानातल्या ऑनर किलिंगवरच्या फिल्मला २०१६ मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा कडक झाला, घरच्यांनी माफ केलं की खुनी सुटतो ही पळवाट बरीचशी बंद झाली. फिल्मने दबाव वाढवला हे खरंच, पण त्याच वर्षी जुलैमध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचचा तिच्या भावाने केलेला खून आणि तिथल्या महिला संघटनांची वर्षानुवर्षांची लढाई सोडून ही गोष्ट सांगताच येत नाही.

कुठे बघायच्या

ॲमस्टरडॅमचा इडफा (१९८८ पासून) आणि जपानमधला यामागाता (१९८९ पासून) हे या प्रकाराचे मोठे फेस्टिव्हल, अमेरिकेत सार्वजनिक टीव्हीवर 'पीओव्ही' ही मालिका १९८८ पासून चालू आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने फोगोच्या आणि ओबोमसाविनच्या बऱ्याच फिल्म्स स्वतःच्या साइटवर फुकट ठेवल्यात. स्ट्रीमिंगवर डॉक्युमेंटरी भरपूर दिसतात पण त्यात गुन्हेगारी आणि सेलिब्रिटींच्याच जास्त, जमीन, जात, निर्वासित या विषयांवरच्या फिल्म्स अजूनही फिल्म सोसायट्या, कॉलेजं आणि संघटनांच्या स्क्रीनिंगमधूनच लोकांपर्यंत पोचतात.