फ्रेम, धून आणि पट्टी: ड्रॅगनपटांच्या संगीताच्या विश्लेषणामागचा इतिहास

दादासाहेब फाळके १९१३मध्ये मुंबईहून नाशकात आले. १९१५च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्या जराजरा सरकवत चित्रित केलेला ॲनिमेशनपट केला. तो मूकपटच. अशा चित्रांना संगीत असे ते पडद्यापुढे बसलेल्या पेटी-तबलेवाल्यांचं, आणि खेळागणिक वेगळं. विश्लेषणाला दर खेळाला तेच वाजणारं संगीत लागतं. ते बोलपटानंतर मिळालं.

डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’चं (१९२८) पहिलं ध्वनिमुद्रण फसलं, कारण वादकांना चित्राची गती सापडेना. मग ठोका दाखवणारा उडता चेंडू फिल्मवरच छापला, तेव्हा जमलं. ॲनिमेशनचं संगीत फ्रेमवर मोजायची रीत त्याच काळातली. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १४४०. दर १२ फ्रेमला ठोका ठेवला की लय मिनिटाला १२० ठोके, दर १० फ्रेमला ठेवला की १४४.

दुसरा धागा ऑपेराचा. जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेचे चारही भाग १८७६मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला सलग सादर झाले. त्याच वर्षी हान्स फॉन वोल्त्सोगेन यांनी त्यातल्या धुनींना नावं देऊन मार्गदर्शिका छापली. अशा मांडणीत नाट्यार्थ दिसतो पण संगीताची बांधणी निसटते, ही तक्रार पुढे खुद्द वाग्नर यांनीच केली. ती रास्त होती, आणि आजच्या बहुतेक विश्लेषणांनाही लागू पडते.

जॉन पॉवेल यांनी ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’च्या तिन्ही ॲनिमेशनपटांना (२०१०, २०१४, २०१९) संगीत दिलं. त्यातल्या उड्डाणाच्या धुनीला नुसतं नाव देऊन काहीच हाती लागत नाही. पहिल्या चित्रपटातल्या ‘टेस्ट ड्राइव्ह’च्या प्रसंगात नायक ड्रॅगनवरून निसटतो आणि कोसळतो, सावरून समुद्रातल्या सुळक्यांमधून वाट काढतो, तेव्हा ती धून पूर्ण वाद्यवृंदात उसळते. ती कोणत्या वाद्यांकडे गेली, कोणत्या फ्रेमला आली, पट्टी (म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरला ते) बदलली का, हे तिन्ही टिपायला हवं.

नाशकात पेटीवर शिकलेले बरेच जण धून सरगममध्ये लिहितात. ते उत्तम, स्वरांची चाल लगेच डोळ्यांपुढे येते. फक्त दरवेळी सा हलवला की पट्टीबदल कागदावरून गायब होतो, म्हणून समासात सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे ते ‘पांढरी चार’, ‘काळी एक’ असं लिहीत जावं. दुसरा घोटाळा पाल या टीव्ही-पद्धतीच्या जुन्या डीव्हीडींचा. त्यात २४ फ्रेमचा चित्रपट २५ने पळतो, त्यामुळे १२०ची लय १२५ होते. स्वर दुरुस्त केलेला नसेल तर तो पेटीच्या एका घराच्या सुमारे सात दशांश इतका चढतो. पांढरी चार काळी तीनच्या जवळ ऐकू येते. पट्टी चित्रपटाच्या संगीताच्या अल्बमवरून ठरवावी. वेळा मात्र २४ फ्रेमच्या ब्लू-रेवरूनच घ्याव्यात, कारण अल्बममधले तुकडे बरेचदा कापलेले किंवा जोडलेले असतात.