कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरचा बिघाड तपासणे

कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आत्ता कुठल्या स्थितीत आहे ते इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवणारा हा छोटासा सेन्सर. क्रँकशाफ्टचे (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, त्यामुळे पिस्टन वर आलाय तो कॉम्प्रेशनला की एक्झॉस्टला हे नुसत्या क्रँक सेन्सरवरून समजत नाही, ते या सेन्सरवरून समजतं आणि मग कुठल्या सिलिंडरला कधी इंधन सोडायचं ते ठरतं.

सिग्नल गेला की चेक इंजिन लाईट लागतो, स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, पिकअप पडतो. काही गाड्या इंजिन तापल्यावर बंद पडतात आणि थंड झाल्या की परत चालू होतात. बऱ्याच इंजिनांत इसीयू क्रँक सेन्सरवरच भागवून घेतो, म्हणून गाडी चालतेय याचा अर्थ सेन्सर चांगला आहे असा नाही.

फॉल्ट कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुतेक वेळा पी०३४० कोड येतो, आणि तो बघून लगेच सेन्सर बदलणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण हा कोड फक्त सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, त्यात वायरिंग, कनेक्टर सगळंच आलं. आधी कनेक्टर काढून बघायचा, आत ऑइल झिरपलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, वायर कुठे घासलीय का. तीन वायरींचा सेन्सर साधारणपणे हॉल इफेक्टचा (चुंबकीय क्षेत्र ओळखून ऑन-ऑफ सिग्नल देणारा) असतो, त्याला इग्निशन चालू करून मल्टिमीटरने सप्लाय (गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट) आणि अर्थ (ग्राउंड) तपासायचा. दोन्ही बरोबर असतील तर कनेक्टर परत लावून सिग्नलच्या वायरीत मागून प्रोब घालायचा आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवायचा: मीटर शून्याच्या आसपास आणि मग वर, बहुतेक ५ व्होल्टपर्यंत, असा उड्या मारायला हवा. एकाच जागी अडकून राहिला तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. हॉल सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, ती टेस्ट दोन वायरींच्या मॅग्नेटिक (आत कॉइल असलेल्या) सेन्सरसाठी, आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. ऑसिलोस्कोप असेल तर फारच उत्तम, हॉलची चौकोनी वेव्ह कुठे तुटतेय ते सरळ दिसतं.

पी०३४१ किंवा पी००१६ (सिग्नल येतोय, पण त्याचा क्रँकशी मेळ बसत नाही असं सांगणारे कोड) आला तर मात्र टायमिंग चेन ढिली झालीय का किंवा बेल्टचा दात सरकलाय का ते आधी बघा, तिथे नवा सेन्सर टाकूनही कोड परत येतो.