शंखाचं वळण आणि अननसाचे डोळे: फिबोनाची एकीकडेच असतो

पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक चित्र अधूनमधून फिरत येतं, उभा चिरलेला शंख, त्यावर पिवळे चौकोन आखलेले, शेजारी सूर्यफूल आणि खाली १, १, २, ३, ५, ८, १३ हे फिबोनाचीचे आकडे, म्हणजे मागचे दोन मिळवले की पुढचा. मुलांना दाखवायला भारी वाटतं, पण त्या एका चित्रात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीये. सूर्यफुलात, अननसात, जरबेऱ्यात जे आहे ते एक-दोन-तीन करत मोजायचं असतं. शंखात जे आहे ते पट्टी लावून मापावं लागतं, तिथे मोजण्यासारखं काही नसतंच. मला विचाराल तर मुलांना हा फरक आधी हाताने कळू द्या, फिबोनाचीचं नाव नंतर सांगितलं तरी काही बिघडत नाही.

आधी अननस. त्यासाठी वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात जायला नको, स्टेशनबाहेरच्या गाडीवरचाही चालतो. सालीवरचे डोळे तिरक्या ओळींत असतात, आणि गंमत म्हणजे काही ओळी उजवीकडे चढतात, काही डावीकडे, आणि काही जवळजवळ उभ्याच. एका डोळ्यावर स्केचपेनने ठिपका द्या, त्याच ओळीने वर चढत ठिपके देत जा, मग शेजारची ओळ दुसऱ्या रंगाने, असं करत करत अननसाला पूर्ण फेरी मारून पहिल्या रंगाशी परत आलात की ओळी मोजा. बहुतेक वेळा एका बाजूने ८ येतात, दुसऱ्या बाजूने १३, आणि उभट ओळी मोजायचा पेशन्स असेल तर २१. आणि अननसवाला साल काढल्यावर डोळे काढायला तिरक्या चरी मारतो ना, तो याच ओळींवरून सुरी फिरवत असतो, एकेक डोळा कोरत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं म्हणून. लहान मुलांना तोच अननस द्या, चरी मोजायला एकदम सोप्या. ठाण्यात जांभळी नाक्यावर जरबेरा मिळाला तर त्याच्या मधल्या भागातही असेच फेरे दिसतात, पण बारीक असतात, मोबाईलवर फोटो काढून झूम करावा लागतो.

हे आकडे येतात कुठून? झाडाला आकडे कळत नाहीत. शेंड्याला नवीन कळी किंवा पान फुटतं ते आधीच्यापासून साधारण १३७.५ अंश वळून, कारण तिथे मोकळी जागा जास्त असते. कोनमापक घेऊन कागदावर करून बघा. दर वेळी ९० अंश वळलात तर ठिपक्यांच्या चारच ओळी होतात आणि मधली जागा रिकामी, १२० ला तीनच. १३७.५ ला मात्र नवा ठिपका जुन्याच्या बरोबर मागे कधी येतच नाही, सगळीकडे पसरत जातो आणि मग फेरे आपोआप दिसायला लागतात. आठवी-नववीतल्या मुलांना अजून एक नियम द्या, कितवा ठिपका आहे त्याचं वर्गमूळ काढून तेवढे सेंटिमीटर मध्यापासून लांब ठेवायचा. शंभर ठिपक्यांत सूर्यफूल तयार होतं, जरा मोठा कागद घ्या फक्त. १९९२ मधे दुआदी आणि कुदे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तर झाडाशिवायच हे करून दाखवलं, तेलाच्या बशीत मधोमध चुंबकीय द्रवाचे थेंब एकेक करून सोडले, थेंब एकमेकांना ढकलत बाहेर सरकत गेले आणि तोच कोन, तसेच फेरे.

आता शंख. इथे नवीन कळीबिळी काही नाही. आतला प्राणी वाढतो तसा तोंडाच्या कडेला कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढवत जातो, मागचं बांधकाम आहे तसंच राहतं. दर फेऱ्याला घर ठराविक पटीने मोठं होतं, म्हणून शंख कितीही वाढला तरी त्याचं रूप बदलत नाही. याला लॉगरिदमिक स्पायरल म्हणतात. पट किती ते जातीवर ठरतं आणि त्याचा फिबोनाचीशी संबंध असायलाच हवा असं काही नाही. चित्रातले चौकोन ज्या गोल्डन स्पायरलचे असतात तो पाव फेऱ्यात १.६१८ पट वाढतो (फिबोनाचीच्या पुढच्या आकड्याला मागच्याने भागत गेलं की जवळपास हेच येतं), म्हणजे पूर्ण फेऱ्यात जवळजवळ ६.८५ पट. आणि चित्रातला शंख असतो नॉटिलस या समुद्री प्राण्याचा, तो पूर्ण फेऱ्यात वाढतो साधारण ३ पट. मग ते चौकोन त्यावर बसतात कसे? बसत नाहीत, बसवलेत.

मुलांना घरी तपासायला नॉटिलसच्या कापाचा फोटो प्रिंट करून द्या, हा प्राणी आपल्या खाडीत मिळत नाही. मध्यापासून बाहेर सरळ रेघ मारा, रेघ जिथे जिथे बाहेरची भिंत ओलांडते तिथपर्यंतचं अंतर मध्यापासून मापा, आणि पुढच्या मापाला मागच्याने भागा. उत्तर दर वेळी साधारण तेवढंच येतं. शेजारी दिवाळीची चकली ठेवून तेच करा, तिथे भागाकार बदलत जातो पण वजाबाकी सारखी येते, कारण सोऱ्यातून पडणारी जाडी सगळीकडे एकच. आणि वळणांची गल्लत फक्त आपलीच होते असं नाही बरं का. याकोब बर्नुली हा स्विस गणितज्ञ १७०५ मधे गेला, त्याला हे शंखाचं वळण इतकं प्रिय की थडग्यावर तेच कोरा असं त्याने सांगून ठेवलं होतं, आणि बाझेलला कोरणाऱ्याने कोरलं चकलीवालं.

एवढं मापायला वेळ नसेल तर नुसत्या नजरेनेही फरक कळतो. शंखाला एकच रेघ आणि एकच दिशा, म्हणून तर दक्षिणावर्ती शंखाचं एवढं कौतुक असतं. अननसात दोन्हीकडच्या ओळी एकमेकींना छेदतात. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या आफ्रिकन गोगलगाई चढतात, त्यांचा फोटो काढून मुलांना विचारा ही अननसवाली की शंखवाली (हात लावू देऊ नका, त्यांच्यात परजीवी असू शकतात). ऐरोलीच्या बाजूला ओहोटीच्या चिखलात टोकदार शंख दिसले तर तेही बघा, पण उचलून आणू नका, ठाणे खाडीचा काही पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

फिबोनाचीचे आकडे शिकवायचेच असतील तर फिबोनाचीपासून कशाला सुरुवात, त्या इटालियन गणितज्ञाने ते लिहिले १२०२ मधे, आणि त्याच्या आधी ११५० च्या सुमारास हेमचंद्र या जैन पंडिताने छंदशास्त्रात, म्हणजे कवितेच्या वृत्तांच्या शास्त्रात मांडले होते. लघु (ल) एक मात्रा, गुरू (गा) दोन मात्रा, मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे होईल? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल, पाच. पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. टाळ्या वाजवत केलं तर दुसरीतली पोरंसुद्धा करतात.

आणि पाकळ्या मोजताना जरा जपून. सदाफुली, जास्वंद, पांढरा चाफा पाच-पाच देतात, पोरं खूश होतात, मग कोणीतरी सोसायटीच्या बागेतला एक्झोरा आणतं आणि त्याला चारच पाकळ्या. त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवू नका, वहीत तसंच लिहू द्या. २०१२ मधे मँचेस्टरच्या सायन्स म्युझियमने लोकांकडून सूर्यफुलं मोजवून घेतली होती, ६५७ फुलांचा हिशोब लागला, बहुतेकांत फिबोनाची निघाला आणि काहींत नाही निघाला, तेही त्यांनी छापलं.