समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांना वादळाचं काही वाटत नाही?

‘समुद्रपक्ष्यांची पिल्लं जन्मतःच वॉटरप्रूफ असतात, वादळपावसाने त्यांना काही होत नाही’ असा मजकूर अधूनमधून फिरतो. मोठे पक्षी लाटांवर निवांत तरंगताना दिसतात, म्हणून तो पटतोही.

पण पाणी अडवतात ती प्रौढांची घट्ट बसलेली पिसं. पिल्लाच्या अंगावर असते मऊ लव. ती चिंब झाली की चिकटते, तिच्यातली हवा जाते आणि ऊब संपते. सुरुवातीचे काही दिवस तर बहुतेक पिल्लांना अंगची उष्णता टिकवताच येत नाही. आईबापांपैकी एकाला त्यांना पोटाखाली घेऊन बसावं लागतं. वादळ लांबलं, की खवळलेल्या पाण्यात मासे मिळणं अवघड होतं आणि उपासमारही होते. पफिन या समुद्रपक्ष्याची पिल्लं बिळात असतात, तिथे वारा लागत नाही, पण पाणी शिरू शकतं.

पडताळायचं असेल तर घरट्यांवरच्या कॅमेऱ्यांचं पावसातलं चित्रण पाहा : पिल्लू कुठे असतं आणि प्रौढ पक्षी पंख कसे धरतो, एवढंच बघा.