टाळेबंदी, नेत्रपेढ्या आणि ग्लिसरिनमधला कॉर्निया

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि नेत्रपेढ्यांचे काम जवळजवळ ठप्प झाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही महिने पुढे ढकलता येते आणि तिच्यासाठी लागणारे कृत्रिम भिंगही कपाटात टिकते. कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, तसे नाही. तो दात्याच्या मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो, आणि त्या काळात घरोघरी जाऊन नेत्र स्वीकारणेच बंद झाले होते.

ही घाई ज्या पेशींमुळे करावी लागते त्या कॉर्नियाच्या आतल्या बाजूला, एकाच थरात असतात. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असलेल्या या पडद्यात सतत पाणी झिरपत असते. ते बाहेर टाकून पडदा पारदर्शक ठेवण्याचे काम या पेशी करतात. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला त्या सुमारे अडीच हजार असतात आणि एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. आपल्याकडे शीतपेटीत वापरल्या जाणाऱ्या जतनद्रवांपैकी एम. के. द्रवात कॉर्निया चार दिवस टिकतो, तर कॉर्निसोलसारख्या द्रवात चौदा दिवसांपर्यंत. महिनोन्‌महिन्यांचा साठा करून ठेवण्याची सोय यात नाही.

त्यात विषाणूची धास्ती होती. कोविडचा विषाणू पेशींवरच्या ज्या एसीई-२ ग्राहींना, म्हणजे प्रथिनांना, चिकटतो ते डोळ्याच्या पृष्ठभागावरही असतात आणि काही रुग्णांच्या अश्रूंत विषाणूचे आरएनए सापडले होते. रोपण केलेल्या कॉर्नियातून रेबीज झाल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक असल्याने ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, पण कॉर्नियारोपणातून कोविड झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित दाते वगळणे, मृताची आरटी-पीसीआर चाचणी करणे आणि डोळा पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने धुणे हे उपाय योग्यच होते. मात्र अहवालाची वाट पाहण्यात जतनाच्या मोजक्या दिवसांपैकी एखादा दिवस खर्ची पडे.

इकडे रुग्ण थांबले नव्हते. शेतात उसाचे पान किंवा भाताचे कुसळ डोळ्याला लागते, जखमेत बुरशी वाढते आणि कॉर्नियाला भोक पडते. अशा वेळी पहिला प्रश्न दृष्टीचा नसून डोळा वाचवण्याचा असतो. या कामी ग्लिसरिनमध्ये ठेवलेला कॉर्निया उपयोगी पडला. ग्लिसरिन ऊतीतले पाणी शोषून घेते, त्यामुळे पेशी मरतात, पण कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा सांगाडा कित्येक महिने शाबूत राहतो. असा कॉर्निया भोकावर शिवला की आतला द्रव गळायचा थांबतो आणि संसर्ग झालेला भागही काढून टाकता येतो. तंत्र जुनेच, साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी पूर्वीपासून वापरले जाणारे. महासाथीत त्याची किंमत नव्याने कळली, एवढेच.

निर्बंध सैल झाल्यावर आधी रुग्णालयांतल्या मृत्यूंपासून संकलन सुरू झाले, कारण तिथे दात्याचा वैद्यकीय इतिहास आणि चाचणीचा अहवाल हाताशी असतो. ताज्या कॉर्नियाची गरज मात्र होतीच, कारण पाणी उपसणाऱ्या जिवंत पेशी नसल्याने ग्लिसरिनमधल्या जाड कॉर्नियाचे ठिगळ बहुधा पांढुरके होते. त्यातून ज्यांचा डोळा वाचला त्यांना दिसू लागण्यासाठी पुन्हा ताज्या कॉर्नियाचे रोपण करावे लागते, आणि दरम्यान त्या भागात रक्तवाहिन्या शिरल्या असतील तर शरीराने नवा कॉर्निया नाकारण्याचा धोका वाढलेला असतो.